कशाला निघालात?

अमरावतीहून परतवाड्याकडे जाताना आसेगावला पूर्णा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी कपाशीची वावरं. गेल्या हिवाळ्यात आम्ही चौघीजणी सायकलींवर तिथून चाललो होतो. पाणी प्यायला म्हणून थांबलो, तर वेचणीला आलेल्या बायांपैकी एक मावशी ओटीतला कापूस सावरत धुऱ्यापर्यंत आल्या.

"काहून वो बाई, गाडी बंद पडली का?"

"नाही मावशी, सायकलनंच निघालो. चिखलदऱ्याला."

"सायकलनं? कोनाचं लगन आहे का तिथं?"

"नाही."

"मंग देवाले चालल्या असान."

"देवालाही नाही. अशाच. फिरायला."

मावशींनी आम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि मागे वळून ओरडून सांगितलं, "अशाच चालल्या म्हंते वो माय!" सगळं वावर हसलं. आम्हीही हसलो. पण ते 'अशाच' काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. घाट लागेपर्यंत मी त्याचाच विचार करत पायडल मारत होते.

मैत्रिणींनो, जरा आठवून बघा. तुम्ही 'अशाच' घराबाहेर कधी पडला होतात? दळण आणायला, भाजीला, मुलांच्या ट्यूशनला, दवाखान्यात, लग्नाला, बारशाला, मयतीला, हळदीकुंकवाला, माहेरी, देवदर्शनाला... आपल्या बाहेर पडण्याची यादी मोठी आहे. पण त्यातल्या प्रत्येक फेरीला कारण आहे. घरातला पुरुष "जरा चक्कर मारून येतो" म्हणतो आणि चपला घालतो. त्याला कुणी विचारत नाही, कशाची चक्कर? आपण मात्र कोपऱ्यावर जायचं तरी "कोथिंबीर संपली होती" असं सांगूनच जातो. विचारायला कुणी नसलं तरी सांगतो! सवयच झाली आहे.

माझं माहेर अकोल्याचं. बाबांच्या दांड्याच्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत मी सायकल शिकले. पुढे शाळेसाठी मला लेडीज सायकल मिळाली. १९९०च्या दशकात जठारपेठेतून आम्ही मैत्रिणी घोळक्यानं शाळेत जायचो. अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा डांबर चाकाला चिकटायचं, पण आम्हाला त्याचं काही नव्हतं. बी.ए. झालं, लग्न झालं, मी अमरावतीला आले. सायकल माहेरीच राहिली. ती विकल्याचं मला दोन वर्षांनी कळलं, तेही बोलता बोलता. कुणाची चूक नव्हती. शाळा-कॉलेज संपलं होतं, मग सायकल कशाला हवी?

चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी साखर काठावर आल्याचं सांगितलं. व्यायाम करा म्हणाले. लेक शिकायला पुण्याला गेली होती आणि तिची गिअरची सायकल पोर्चमध्ये धूळ खात पडली होती. पहिल्या दिवशी मी पहाटे पाचला, अंधारात, चोरी करायला निघाल्यासारखी बाहेर पडले. कारण एवढंच, की कॉलनीत कुणी पाहू नये. छत्री तलावापर्यंत गेले आणि आले. ओढणी चेनमध्ये अडकून फाटली. घरी आले तर आमचे हे पेपर वाचत बसले होते. म्हणाले, "इतक्या सकाळी कुठे गेली होतीस?" मी सांगून टाकलं, "डॉक्टरांनी सांगितलंय." बघा, कारण तयारच होतं!

हळूहळू आम्ही चौघी झालो. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, एक बँकेत, एकीचं शिवणकाम आणि मी. चौघी चाळिशीच्या पुढच्या. गुडघ्यांच्या तक्रारी सगळ्यांच्याच. एक दिवस शिक्षिका मैत्रीण म्हणाली, "आपण समुद्राच्या काठानं सायकल चालवायला जाऊ या का?" आम्हाला हसू आलं. कुठे अमरावती, कुठे समुद्र! पण माझी भाची दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकते. तिनं तिथेच सायकली जमवल्या आणि दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आम्ही खरंच गेलो.

तीन दिवसांचा प्रवास होता. दापोलीहून मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडीवरून दाभोळ. तिथून जंगलजेटीनं खाडी ओलांडून धोपावे आणि मग गुहागर. दुसऱ्या दिवशी वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, पुन्हा जेटी, पलीकडे जयगड, मालगुंड, गणपतीपुळे. तिसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्यानं रत्नागिरी. नकाशात किनारा सरळ दिसतो. प्रत्यक्षात रस्ता कधी डोंगरावर चढतो, कधी खाडीत उतरतो. आम्ही वऱ्हाडातल्या सपाट काळ्या मातीवर वाढलेल्या बाया. चढ आला की उतरून सायकली ढकलायच्या, यात आम्हाला कसलीच लाज वाटली नाही.

पहिला थांबा मुरूड. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं हे गाव. अण्णा शाळकरी वयात परीक्षेसाठी इथून साताऱ्याला पायी गेले होते, भर पावसात, घाट चढून. आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही! त्याच अण्णांनी पुढे विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ सुरू केलं. आपल्यापैकी कितीजणींच्या आई-मावशांनी 'एसएनडीटी'तून घरी बसून पदवी घेतली असेल. मुरूडच्या वाटेवर मला ते सारखं आठवत होतं.

जयगडच्या पुढे रस्ता डोंगरमाथ्यावर जातो. तिथे झाड नाही, घर नाही, नुसता सपाट तांबूस-काळा कातळ आणि त्यावर वाळलेलं सोनेरी गवत. कोकणात याला 'सडा' म्हणतात. पावसाळ्यात याच जांभ्या दगडावर इवल्या रानफुलांचा गालिचा पसरतो. रत्नागिरीच्या आसपासच्या अशाच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वी कुणी तरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवली आहेत. ती कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. एरवी गाडीतून जाताना आपण अशा ठिकाणी डोळे मिटून घेतो, कारण 'बघण्यासारखं काही नाही'. सायकलवर मात्र वारा कानात शिरतो, गवताचा वास येतो, टिटवीची ओरड ऐकू येते. आमची शिवणकाम करणारी मैत्रीण तिथे थांबून म्हणाली, "इथे कुणीच काही मागत नाहीये गं." आणि तिचे डोळे भरून आले. आम्ही काही बोललो नाही. समजायचं ते समजलं होतं.

सगळं गोड गोडच झालं असं सांगणार नाही. हेदवीच्या उतारावर शिक्षिका मैत्रीण खडीवरून घसरली. गुडघा चांगलाच सोलवटला. शेजारच्या घरातून एक आजी पाणी आणि हळद घेऊन आल्या. "कुठून आलात?" "अमरावतीहून." "म्हणजे पंढरपूरच्या पुढे का?" आम्ही म्हटलं, खूपच पुढे. मग हळद दाबता दाबता त्यांनी विचारलंच, "पण मुली, कशाला निघालात?" चारशे कोसांवर गेलं तरी बाईला प्रश्न तोच!

परत आल्यावर वाटलं, समुद्र आपल्याकडे नाही, पण माळरान तर आहे. चिखलदरा आहे. म्हणून गेल्या हिवाळ्यात तो बेत केला. अमरावतीपासून परतवाडा पन्नास-पंचावन्न किलोमीटर, तिथून वर अंदाजे तीस. वाटेत वलगाव लागतं. १९५६ साली गाडगेबाबांनी याच परिसरात देह ठेवला. हातात खराटा घेऊन आयुष्यभर पायी फिरलेला हा आपल्याच मातीतला माणूस. पहिला मुक्काम परतवाड्याला नातेवाइकांकडे केला. दुसऱ्या दिवशी पहाटे धामणगाव गढीवरून घाट धरला. साधारण सातशे मीटरचा चढ आहे. पाच वळणं चालवली, पुढची दहा ढकलली. मोथ्याला गवळ्यांच्या घरचा ताजा खवा खाल्ला, तेव्हा कुठे जिवात जीव आला. आणि मग ते पठार! थंड वारा, गवताचे उतार, पलीकडे मेळघाटाच्या निळ्या रांगा आणि गाविलगडाचा तट. १८०३ साली इंग्रजांनी जिंकलेला हा किल्ला शाळेच्या इतिहासात एका ओळीत संपतो. घाट अंगावर घेऊन वर आलं की त्याची उंची पिंढऱ्यांना कळते. लग्नानंतर मी चिखलदऱ्याला आठ-दहा वेळा तरी गेले असेन. मागच्या सीटवर बसून, मांडीवर डबे घेऊन. या खेपेला पहिल्यांदा पोचल्यासारखं वाटलं.

आता तुम्ही म्हणाल, चार खात्यापित्या घरच्या बायांची ही हौस, यात सांगण्यासारखं काय? मलाही आधी तसंच वाटायचं. पण बचत गटांच्या कामानिमित्त मी दर्यापूरकडच्या खेड्यांत जाते. तिथे एका मुलीनं माझे डोळे उघडले.

मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना आठवी ते बारावीत शाळेला जायला सायकल मिळते. अतिशय चांगली योजना आहे. कितीतरी मुलींची शाळा त्या दोन चाकांनी वाचवली. या मुलीलाही मिळाली होती. माझ्या सायकलची गोष्ट ऐकून ती म्हणाली, "काकू, माह्याजवळ पण होती. बारावी झाली ना, आता भाऊ दुधाले नेते." मी विचारलं, "तू मागितली नाहीस?" ती म्हणाली, "मले आता कोठी जायचं राह्यते?"

मैत्रिणींनो, ती अठरा वर्षांची आहे. सायकल शाळेसाठी मिळाली होती. शाळा संपली, कारण संपलं, सायकल गेली. माझी सायकल अशीच गेली होती, तीही याच वयात. मध्ये पंचवीस वर्षं गेली. सायकलला गिअर आले, रस्ते चौपदरी झाले. पण 'आता कुठे जायचंय?' हे वाक्य जसंच्या तसं राहिलं. आपण मुलींना सायकल देतो ती कारणासाठी. तिचा आनंद तिला देत नाही. आणि ज्या गोष्टीचा आनंद आपला नाही, ती गोष्ट आपल्या हातून कुणीही सहज काढून नेतो.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची गोष्ट मी वाचली होती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहीम जोरात होती. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर. त्यांनी अक्षरओळखीबरोबर सायकल शिकवणंही मोहिमेत घेतलं. दगडखाणीत काम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांनाही लोक हसले, टोमणे मारले. पण बसची वाट बघणं आणि नवऱ्याच्या, भावाच्या मागे लागणं संपलं. कलेक्टरीणबाईंना एक गोष्ट बरोबर उमगली होती, की बाईला वाचता येणं आणि तिला स्वतःच्या मनानं कुठे जाता येणं, या गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून चालतात.

आपल्या पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ साली लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचं हिमालयातलं अंतर एकटीनं ५५ तासांत पार केलं. पंचेचाळिशीच्या, दोन मुलांच्या आई. त्यांच्यापुढे मी हात जोडते. पण आपल्याला विक्रम करायचा नाही. आपल्याला दुपारी घरी पोचून दोन घास सुखानं खायचे आहेत, एवढं लक्षात ठेवलं की भीती निम्मी होते.

भीती खोटी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. अभिमानच आहे. पण त्या रस्त्यावर भरधाव ट्रकच्या कडेनं सायकल चालवायला माझी छाती होत नाही. माहेर अकोल्याला असूनही मी अजून माहेरी सायकलनं गेलेली नाही, हे कबूल करते. इंग्लंडमध्ये पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, डोंगर आणि माळरानं ओलांडत जाणारी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासची एक सायकलवाट १९९४ साली खुली झाली. त्यात फार मोठं काही केलेलं नाही. बराचसा रस्ता आडवळणाच्या गावरस्त्यांवरून आणि बंद पडलेल्या जुन्या रेल्वेमार्गांवरून नेला, जागोजागी पाट्या लावल्या. लोक जाऊ लागले, तशी वाटेवरच्या गावांत राहण्या-खाण्याची सोय वाढली.

आपल्याकडे गावरस्ते कमी आहेत का? प्रत्येक तालुक्यात एक सायकलवाट ठरवायला काय हरकत आहे? मोठ्या रस्त्यापासून आतली, वाटेत पाणी, सावली आणि बायकांसाठी स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह असलेली. हे शेवटचं मी मुद्दाम लिहिते आहे. आम्ही चौघींनी दोन्ही प्रवासांत सगळ्यात जास्त चर्चा चढाची केली नाही, याची केली. पाणी कमी प्यायचं आणि मग चक्कर यायची, हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. कोकणात आम्ही सरळ घरांच्या दारात जाऊन विचारलं, एकाही बाईनं नाही म्हटलं नाही. आपल्या बचत गटांनी वाटेवरच्या गावांत चहा-पोह्याची आणि या सोयीची जबाबदारी घेतली, तर चार पैसेही मिळतील आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना हक्काचं दारही मिळेल. ग्रामसभेत हा विषय मांडायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

तोपर्यंत आम्ही पाळतो ते नियम साधे आहेत. उन्हाळ्यात लांब जायचं नाही. पहाटे निघायचं, अकराच्या आत थांबायचं. अंधार पडल्यावर रस्त्यावर राहायचं नाही, जंगलाच्या वाटेवर तर मुळीच नाही. ओढणी घरी ठेवायची, सलवारीची बाजू पिनेनं आवळायची. घाट उतरताना दोन्ही ब्रेक हलके हलके दाबत यायचं. पंक्चर काढायला शिकायचं. ते पोळ्या लाटण्यापेक्षा सोपं आहे.

शेवटी घरातली एक गोष्ट सांगते. आमच्या सासूबाई पंचाहत्तरीच्या. कोकणात निघाले तेव्हा त्यांनीच सगळ्यात जास्त वेळा विचारलं होतं, "कशाले जाता वो? काय ठेवलं तिथं?" चिखलदऱ्याहून परतले, पाय शेकत बसले होते, तेव्हा त्या शेजारी येऊन बसल्या. तरुणपणी त्या गावच्या दिंडीबरोबर शेगावला पायी गेल्या होत्या. ती हकिकत मी शंभर वेळा ऐकली असेल. गजानन महाराजांचं दर्शन, गर्दी, प्रसाद. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी वेगळं सांगितलं.

"दर्शन तर झालंच. पन खरं सांगू का तुले? वाटेनं चालताना लय बरं वाटे. पाच दिवस कोनी मले चहा मांगला नाही."

पन्नास वर्षं ही बाई देवाचं नाव पुढे करून ते पाच दिवस जपत होती! देवाला याचा राग आला असेल असं मला वाटत नाही. पण तिला ते सांगायला सुनेची सायकल घरात यावी लागली.

तुमच्याही घरात कोपऱ्यात एखादी सायकल उभी असेल. लेकीची, मुलाची, भाड्यानं राहून गेलेल्या कुणाची. येत्या रविवारी तिच्यात हवा भरा. पाचच किलोमीटर जा, तलावापर्यंत, टेकडीपर्यंत, नदीच्या पुलापर्यंत. पिशवी घेऊ नका, नाहीतर कुणी तरी दूध सांगेल. आणि लेक बारावी झाली असेल, तर तिची सायकल तिच्याकडेच राहू द्या.

वाटेत कुणी विचारलंच, "कशाला निघालात?" तर आसेगावच्या मावशींना आम्ही दिलं तेच उत्तर द्या. लोक हसतील. आपणही हसायचं आणि पायडल मारायचं.